दिनविशेषाचा फळा

वरणगावच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून असलेल्या व्हरांड्यात तो आहे. खिळ्याला टांगलेला नाही, तो भिंतीचाच एक भाग आहे. सिमेंटचा गिलावा गुळगुळीत घोटून घेतला, त्यावर काळा रंग दिला, कडेने पांढऱ्या ऑइलपेंटची दोन बोटं रुंद चौकट ओढली आणि फळा तयार झाला. पेंटरने वरच्या अंगाला कायमची अक्षरं काढून ठेवली आहेत : वार, दिनांक, पट, हजर, सुविचार, दिनविशेष. पहिल्या पाचांना एकेक ओळ पुरते. दिनविशेषाला मात्र खालची सगळी जागा दिली आहे. ज्याने कुणी ही मापं काढली, त्याला या फळ्याचा जीव कशात आहे ते नेमकं कळलं होतं.

वर्गातल्या फळ्यांचं आयुष्य धावपळीचं असतं. गणित आलं, पुसलं गेलं, भूगोल आला, पुसला गेला. हा शांत आहे. दिवसातून एकदाच पुसला जातो आणि एकदाच लिहिला जातो, आणि मग संध्याकाळपर्यंत जो येईल जाईल त्याला तेच सांगत उभा राहतो. पालक दाखला न्यायला येतात, पोषण आहाराचं साहित्य घेऊन टेम्पोवाला येतो, पोस्टमन येतो. सगळे थांबण्याचं काही कारण नसताना याच्यापुढे घटकाभर थांबतात आणि ओठ हलवत वाचतात. वाचून झाल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार येतो, "असं? आज का?" माझ्या मते या फळ्याची सगळी कमाई त्या "आज का?" मध्ये आहे. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. तीच गोष्ट आजच्याच तारखेला घडली होती असं कळलं, की त्याचा पाय अडतो.

फळ्यावर लिहायचं म्हणजे आधी तो धुवावा लागतो. कोरड्या डस्टरने पुसलं तर कालची अक्षरं आजच्या ओळींखालून पांढुरकी दिसत राहतात, म्हणून ओला फडका फिरवायचा. मग वाळायची वाट बघायची. पाणी कडांकडून आत आटत जातं, मधोमध एक गडद काळा ओला तुकडा शेवटपर्यंत राहतो, आणि मुलांना दम नसतो. ओल्यावर खडू लावला की तो घसरतो, अक्षर उमटतच नाही, आणि वाळल्यावर तिथे एक टणक पांढरा ओरखडा उरतो. म्हणून ज्या वर्गाची परिपाठाची पाळी असते त्यांच्यातली दोन पोरं वहीचे पुठ्ठे घेऊन वारा घालत उभी राहतात. डिसेंबरच्या सकाळी हे काम लांबतं. एप्रिलमध्ये फडका दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचायच्या आत पहिला कोपरा खडखडीत वाळलेला असतो. खानदेशातलं ऊन फळ्यालाही सोडत नाही.

नोंदी येतात कुठून? पूर्वी प्रत्येक शाळेत एखाद्या गुरुजींची वही असायची. जाड पुठ्ठ्याची, एका तारखेला एक पान, वर्षानुवर्षं भर घालत नेलेली. शिवाय दिनविशेषांची छापील पुस्तकं होती, भिंतीवरच्या कालनिर्णयाचे चौकोन होते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा छोटा रकाना होता. आता आदल्या रात्री मोबाईलवर तयार यादी येते. जन्म, मृत्यू, घटना अशी तिची वाटणी असते, आणि वरणगावात जी येते तीच सावंतवाडीत आणि गडचिरोलीत जाते. या यादीची मला अडचण आहे, ती पुढे सांगते. आधी फळ्याचा स्वभाव.

घंटा होते, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना होते, सुविचार होतो, आणि मग एक मुलगा किंवा मुलगी रांगेतून पुढे येऊन दिनविशेष वाचते. वाचणाऱ्याला नावांचा क्रम ठाऊक नसतो, नावांचं वजनही ठाऊक नसतं. राष्ट्रपती, फाशी गेलेला पोरगा, नट, शास्त्रज्ञ, संत, हॉकीपटू, सगळे एका दमात आणि एकाच आवाजात येतात. गावातल्या जुन्या पंगतीत जो ज्या वेळी आला तो त्या वेळी मांडलेल्या पाटावर बसला आणि शेजारी कोण आहे ते त्याने जेवताना पाहिलं, तशी ही पंगत असते. फळा पंक्तिभेद करत नाही. त्याच्याकडे मानाचं पान नाही. साल आधीचं असेल तो आधी, एवढाच त्याचा नियम.

तारीख एक असते म्हणून या माणसांमध्ये काही नातं असतं असं मी मुलांना कधी सांगत नाही. तारीख कुणाला घडवत नाही आणि कुणाचा घातही करत नाही. पण शेजारी बसलेल्या दोन माणसांकडे आपण एकत्र पाहतो, आणि एकत्र पाहिल्यावर पूर्वी न सुचलेलं काहीतरी विचारावंसं वाटतं. शिकणं तिथे सुरू होतं. यासाठी एक तारीख नीट उलगडून दाखवते. माझी सगळ्यांत आवडती आहे ३ डिसेंबर.

सालाच्या क्रमाने पहिली ओळ १८८४ ची : डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा जन्म, बिहारमधल्या जिरादेई गावी. त्याखाली १८८९ : खुदिराम बोस यांचा जन्म, बंगालमधल्या मेदिनीपूर जिल्ह्यात. दोघांचा वाढदिवस एक, वयात फक्त पाच वर्षांचं अंतर. राजेंद्रबाबू वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती झाले. खुदिराम अठराव्या वर्षी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात फाशी गेले, ११ ऑगस्ट १९०८ ला. ३० एप्रिलला त्यांनी आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची म्हणून ज्या बग्गीवर बॉम्ब टाकला, तिच्यात दोन इंग्रज स्त्रिया होत्या, त्या मारल्या गेल्या. मुलांपुढे ही गोष्ट अर्धी सांगू नये. पूर्ण सांगितली की वर्ग गप्प होतो आणि मग प्रश्न येतात, तेही सोपे नसतात.

खुदिराम बंगालचे, तर वरणगावच्या मुलांना त्यांचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर टिळकांकडे आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर टिळकांनी 'केसरी'त जे अग्रलेख लिहिले, त्यांवरूनच त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे मंडालेला नेलं. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. म्हणजे ३ डिसेंबरला फळ्यावर जन्मलेला मुलगा ३० एप्रिलला पुन्हा भेटतो, त्याच्यामुळे टिळक २२ जुलैला भेटतात आणि ११ ऑगस्टला त्याचा शेवट लिहावा लागतो. एकच गोष्ट हा फळा वर्षभर हप्त्याहप्त्याने सांगतो. रोज पुसला जाणारा फळा विसराळू वाटतो खरा, पण जो त्याला रोज वाचतो त्याच्या डोक्यात हे हप्ते आपोआप जुळतात. सातवीतल्या पोरांनी ते जुळवलेले मी पाहिले आहेत.

मग १९५१. इथे मी फळ्याचा नियम मोडते आणि खडू बदलते. पिवळा घेते, आणि ओळ दुप्पट उंचीची काढते : कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे निधन.

आसोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून. लहान वयात लग्न झालं, तरुणपणी वैधव्य आलं, शेताचं आणि घराचं ओझं वाहिलं, आणि हे सगळं करता करता जात्यावर, विहिरीवर, शेताच्या बांधावर ओव्या रचल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पीतांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून घेतल्या तेवढ्या वाचल्या. बाकीच्या ज्या वाऱ्यावर गेल्या त्या गेल्याच. त्या वारल्यावर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. पुस्तक हातात घेऊन पाहायला कवयित्री नव्हती.

या फळ्यावर वर्षभर ज्यांची नावं येतात त्यांच्यातल्या बहुतेकांनी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं : ग्रंथ, कायदे, फर्मानं, पत्रं. म्हणून तर त्यांच्या तारखा सापडतात. बहिणाबाईंनी स्वतः एक अक्षरही कागदावर काढलं नाही. त्यांची तारीख फळ्यावर लिहिताना मला नेहमी वाटतं, की त्याच आसोद्याला, त्याच काळात, जात्यावर आणखीही बायका गात असणार. त्यांच्या मुलांनी वही घेतली नाही, म्हणून त्यांना फळा नाही. मुलींना हे मी सांगते. घरी आजीला विचारून एक तरी ओवी लिहून आणा, असंही सांगते, आणि पुढच्या आठवड्यात वह्या येतात. त्या वह्यांतली भाषा पाठ्यपुस्तकातली नसते. भुसावळ, यावल, रावेरच्या पट्ट्यात इतक्या घरांत जी लेवाबोली चालते, तिच्यात बहिणाबाईंनी गाणी केली. शाळेत एरवी पोर "काबरं?" म्हणालं की आपण त्याला "का?" म्हणायला लावतो. ३ डिसेंबरला फळ्यावरची सगळ्यांत मोठी ओळ त्या "काबरं"वाल्या बाईची असते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आज ज्या मुली व्हरांड्यात उभ्या आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या पदवीवर ते नाव येईल.

पुढची ओळ १९६७. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्णाचं नाव लुई वॉशकान्स्की, आणि हृदय दिलं ते डेनिस डार्व्हल नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुलीने, जी आदल्या दिवशी रस्त्यावरच्या अपघातात सापडली होती. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. याद्यांमध्ये बर्नार्डांचं नाव असतं, कधीमधी वॉशकान्स्कींचं असतं, डेनिसचं नसतं. मी ते लिहिते. नावं वाचताना पोरांची जीभ अडखळते, अडखळू द्यावी. अशा अडखळलेल्या ओळीच जास्त लक्षात राहतात.

१९७१. त्या दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. ही ओळ वाचली जाते तेव्हा रांगेतल्या काही मुलांच्या माना जरा ताठ होतात, कारण त्यांचे आजोबा फॅक्टरीत होते. वरणगावची आयुध निर्माणी चीनच्या युद्धानंतरच्या वर्षांत इथे उभी राहिली. रायफलींची काडतुसं तयार करणारी फॅक्टरी. १९७१ मध्ये ती अगदी तरुण होती. देशभरातून माणसं इथे नोकरीला आली, वसाहत झाली, आणि तापीकाठच्या शेतीच्या गावाला एकदम कारखान्याची शिस्त, पाळ्या आणि दहा भाषांचे शेजारी मिळाले. निर्माणी आता पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडखाली आहे, पण गावात तिला अजून 'फॅक्टरी' एवढंच नाव आहे. दुसरी एखादी शाळा १९७१ ची ओळ वाचेल ती सीमेवरची बातमी म्हणून. आमच्या व्हरांड्यात ती घरच्या कामाची ओळ होते. हीसुद्धा हप्त्यातली गोष्ट आहे : तेरा दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यातली शरणागती याच फळ्यावर लिहून ती पुरी होते.

१९८४. भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला तो २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, आणि काही याद्या त्याला २ तारखेत टाकतात, काही ३ तारखेत. मी ३ डिसेंबरला लिहिते, कारण शहराला काय झालं ते उजाडल्यावर कळलं. आणि ही ओळ लिहिताना भोपाळ स्थानकावरचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांचं नाव सोडत नाही. स्थानकात वायू शिरत असताना फलाटावर उभी असलेली गच्च भरलेली गाडी त्यांनी वेळ व्हायच्या आधीच सोडून दिली, दोन्ही बाजूंच्या स्थानकांना निरोप धाडले, आणि स्वतः जागा सोडली नाही. त्या वायूने त्यांची प्रकृती कायमची बिघडली. भुसावळ इथून हाकेच्या अंतरावर. वरणगावातल्या कितीतरी घरांत रेल्वेची नोकरी झालेली आहे, आणि भोपाळ विभाग तेव्हा मध्य रेल्वेतच होता. गार्ड, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर यांच्या नातवंडांना, नियमाआधी माणूस वाचवणारा रेल्वेतला माणूस कोण होता हे कळायला हवं. तयार यादीत भोपाळपुढे मृतांचा आकडा असतो, आणि तोही यादीगणिक बदलतो. माणूस कुठेच नसतो.

बाकीच्या ओळी भराभर : १९७९, मेजर ध्यानचंद यांचं निधन; २०११, देव आनंद यांचं लंडनमध्ये निधन; आणि १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी शाळेत दिव्यांग मुलांच्या स्पर्धा असतात, म्हणून परिपाठ लवकर आवरावा लागतो.

इतकी माणसं एका तारखेला कशी, असं मुलं विचारतातच. यात चमत्कार नाही. तारखा ३६६, माणसं अगणित, गर्दी होणारच. गणिताच्या तासाला मी त्यांना सांगते की एका वर्गात अवघी २३ मुलं असली तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कुणाचा विश्वास बसत नाही. मग हजेरीपत्रक काढून बघायचं. आमच्या भागात तर आजी-आजोबांच्या पिढीत हे बघायची गरजच नव्हती, कारण अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा! शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख घरी कुणाला ठाऊक नसे. पोळ्याच्या आसपास झाला, तापीला मोठा पूर आला त्या साली झाला, एवढंच माय सांगे. गुरुजी वय बघून साल ठरवत आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून टाकत. कापूस वेचणारे, केळीच्या बागेत राबणारे, फॅक्टरीतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेले किती लोक त्या एका तारखेला जन्मलेले आहेत! महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी पंगत १ जूनला बसते, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असल्यामुळे फळा कोरा असतो.

सुट्टीमुळे या फळ्याचे बरेच दिवस बुडतात, त्याची मला हळहळ आहे. ५ मे त्यातला. १९१८ साली त्या दिवशी बालकवी भादलीच्या स्टेशनजवळ गाडीखाली सापडले. वय सत्तावीस. भादली म्हणजे भुसावळहून जळगावला जाताना मध्ये लागतं ते स्टेशन. आमची मुलं मामाच्या गावाला जाताना मे महिन्यात तिथूनच जातात, आणि त्यांना ते सांगायला फळा नसतो. बालकवींचा जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. ही तारीख शाळेच्या दिवसांत येते हे नशीब. आणि याच १३ ऑगस्टला, १८९८ साली, आचार्य अत्र्यांचा जन्म झाला. खानदेशचा जो कवी सत्तावीस वर्षांचा असताना गेला त्याच्या वाढदिवशी, खानदेशच्या न लिहिणाऱ्या कवयित्रीला महाराष्ट्रापुढे आणणारा माणूस जन्मला. या दोन ओळी एकाखाली एक लिहायला मला फार बरं वाटतं. त्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाची कवायत चालू असते, शिट्ट्यांच्या आवाजात परिपाठाकडे कुणाचं नीट लक्ष नसतं, तरी लिहायचं.

या फळ्याची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. तो इंग्रजी तारखेने जगतो, आणि गाव पुष्कळसं तिथीने जगतं. मुक्ताबाईंचा सोहळा वैशाख वद्यात. मुक्ताईनगरला, मेहूणला दिंड्या जातात, पण फळ्याच्या हिशेबाने तो दर वर्षी जागा बदलतो. बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा सांगतात आणि पुस्तकांत तारीख २४ ऑगस्ट १८८० देतात. नागपंचमी मात्र कधी जुलैअखेर येते, कधी ऑगस्टमध्ये पुढे सरकते. तेव्हा मी त्यांना दोन्ही दिवशी मांडते, नागपंचमीला जरा अधिक. शिवजयंतीचं सगळ्यांना माहीत आहे : शासनाने १९ फेब्रुवारी १६३० धरली, आणि फाल्गुन वद्य तृतीया पाळणारेही आहेत. दोन्ही दिवशी महाराजांचं नाव फळ्यावर येतं आणि कुणाचंही काही बिघडत नाही.

शिवाय एकच तारीख म्हणजे एकच दिवस असंही नसतं. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो, कारण शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हांटिस या दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ लिहिलेलं असतं. पण स्पेनने १५८२ मध्येच नवी ग्रेगरी कालगणना घेतली होती, आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यावर चालत होतं. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचा फरक होता. फळ्यावर जे एकाच ओळीत गेले, ते प्रत्यक्षात निदान दहा दिवसांच्या अंतराने गेले. एका मुलाने हे ऐकून विचारलं की मग स्पेनमधल्या लोकांचे मधले दहा दिवस गेले कुठे. ४ ऑक्टोबर १५८२ ला लोक झोपले आणि उठले ते १५ ऑक्टोबरला, असं सांगितल्यावर त्याने बोटांवर मोजून खात्री करून घेतली. त्याच २३ एप्रिलला पंडिता रमाबाई जन्मल्या, १८५८ साली, आणि विठ्ठल रामजी शिंदे, १८७३ साली. शेक्सपिअरची ओळ मी आवरती घेते ती या दोघांसाठी.

आणि इथे तयार यादीबद्दल बोलायचं राहिलं होतं ते येतं. ती चुकीची असते म्हणून मला अडचण नाही. पुष्कळदा ती बरोबरच असते. अडचण ही की ती कुठल्याच गावची नसते. तिच्यात मोठी नावं असतात आणि जवळची नसतात. दिल्लीत घडलेलं आपल्या दाराशी कसं पोहोचलं, किंवा आपल्या दाराशी घडलेलं दिल्लीने कसं ऐकलं, हे तिला माहीत नसतं. फळा मात्र भिंतीला पक्का आहे, ती भिंत वरणगावात आहे, तेव्हा त्याने वरणगावच्या व्हरांड्यातूनच जग बघावं.

२८ डिसेंबरचीच यादी घ्या. १८८५, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेसची स्थापना झाली. १९३२, धीरूभाई अंबानी यांचा जन्म. १९३७, रतन टाटा यांचा जन्म. यादी इथे संपते. पण १९३६ च्या डिसेंबरात, २७ आणि २८ तारखेला, काँग्रेसचं अधिवेशन तापीपलीकडे फैजपूरला भरलं होतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी इथल्याच बांबू-लाकडाची नगरी उभी केली. साने गुरुजी गावोगाव हिंडून त्यासाठी राबले. शहरांत एकावन्न वर्षं काढलेली संस्था आपल्या वाढदिवसाला खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या दारात होती.

त्या वेळी पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारला शिरीषकुमार मेहता नावाचा एक मुलगा होता. जन्म २८ डिसेंबर १९२६. फैजपूरला अधिवेशन चालू होतं त्या दिवशी त्याला दहा वर्षं पूर्ण झाली. पुढे ९ सप्टेंबर १९४२ ला, हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालताना तो पोलिसांच्या गोळीने पडला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. म्हणून २८ डिसेंबरला माझी मांडणी ठरलेली आहे. १८८५ ची ओळ बारीक अक्षरात एका रेघेत बसवायची, उद्योगपतींची दुसऱ्या रेघेत, आणि खालचा अर्धा फळा फैजपूरला आणि शिरीषकुमारला. वाचायला चौथीतलं पोर उभं करायचं, दहा वर्षांचं.